आवाज पायी येतो

रविवार, १४ सप्टेंबर १९९७

केमुमा,

तू बरी असशील असं धरून चालतो. मीही बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगतो.

हे पत्र पोस्टानं न पाठवता मोंबासाच्या बसनं पाठवतोय. कंडक्टर ओगेतो माझ्या हाताखाली शिकलेला आहे. तुझ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरापर्यंत नेऊन देईन म्हणाला. फोन तू घेत नाहीस. दुकानातून करून पाहिला, दर वेळी कुणीतरी सांगतं, केमुमा कामात आहे. असशील.

ऑगस्टात आलीस, चार दिवस राहिलीस आणि जाताना दारात उभी राहून जे बोललीस ते अख्ख्या टेकडीनं ऐकलं. "बाबा, डिसेंबरात येईन. तोवर ही पोर ढग बघून पलंगाखाली शिरायची थांबली नाही, तर तिला घेऊन जाईन आणि मोंबासाच्या वसतिगृहात घालीन. तुम्ही तिला भित्री करून ठेवलीय." मी गप्प राहिलो, कारण बाप आणि वाढलेली लेक असं तोंडावर भांडत नाहीत, आपल्यात ती रीत नाही. थट्टा-भांडणाची मुभा आजोबाला आणि नातीला. न्यामोइता मला म्हणते, "म्हाताऱ्या, मी तुझ्याशी लग्न करणार नाही जा," आणि मी म्हणतो, "दात पडलेली बायको हवीय कुणाला?" त्याचं कुणाला काही वाटत नाही. तुझ्याशी तसं बोलता येत नाही, म्हणून हा कागद. कागदावर लाज जरा कमी वाटते.

तर ऐक. मी पोरीला भित्री केलेलं नाही. मी एवढंच सांगितलं की वीज लाल कपडा शोधते, चकचकीत भांडं शोधते आणि न ऐकणारी पोरं शोधते. मला माझ्या आजीनं हेच सांगितलं होतं, तुला तुझ्या आईनं सांगितलं. तुझं काही बिघडलं का? न ऐकणाऱ्या पोरांचं तेवढं मी पदरचं घातलं, हे खरं. पाऊस आला की ती घरात यावी म्हणून. आली की! इतकी आली की आता बाहेरच निघत नाही.

इथला पाऊस तुला माहीत आहे, शाळा सुटायच्या वेळेला दारात हजर. त्यामुळे तिनं शाळेचं नावच टाकलंय. त्यातून बालवाडीचा स्वेटर लाल. तो रंग कुणी निवडला देव जाणे. पहिला गडगडाट झाला की निम्मी पोरं स्वेटर काढून खिडकीबाहेर फेकतात आणि कुडकुडत बसतात. गेसारे नावाची नवी बाई आलीय, ती चिखलातून स्वेटर गोळा करत फिरते. तिनं मला भेटायला बोलावलंय. जाणार आहे, आणि चांगलं सुनावणार आहे.

पोर मी देणार नाही, केमुमा. तुझी आई गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस आहे.

तुझा बाप,
मोसेती

रविवार, २८ सप्टेंबर

केमुमा,

पत्र तुझ्या हातात दिलं म्हणून ओगेतो सांगतो. मी विचारलं, "काय म्हणाली?" तो म्हणाला, "काही नाही. कांदे चिरत होती, ॲप्रनच्या खिशात घातलं." खिशात घातलं म्हणजे कचऱ्यात टाकलं नाही, असं मी धरतोय.

शाळेत जाऊन आलो. न्यामोइता माझ्या कोटाला लोंबकळत होती. गेसारे बाई अगदीच पोरसवदा आहे, पण आवाज असा की समोरच्या टेकडीवरची गाय मान वळवील.

मी सुरुवात केली, "बाई, तुम्ही माझ्या नातीला..."

"आजोबा, बसा."

"मी बसायला आलेलो नाही."

"बसा हो. तुम्ही असे उभे राहिलात की पोरांना वाटतं काहीतरी आक्रीत घडलंय."

बसलो. बाक इतकं बुटकं की माझे गुडघे कानाशी आले. पोरं खुदुखुदू हसत होती. उठून जायचं तर उठता येईना.

मग बाईंनी काय केलं, तर एक प्लास्टिकची पट्टी घेऊन एका पोराच्या कोरड्या केसांवर खसाखसा घासली आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे टुणकन उडून पट्टीला चिकटले. पोरं ओरडली, "जादू!"

"जादूबिदू काही नाही," बाई म्हणाल्या. "घासून घासून पट्टीवर चिमूटभर वीज साठली. ढगात बर्फाचे बारीक खडे एकमेकांवर असेच घासतात, तिथं ढीगभर साठते. फार झाली की उडी मारते. कधी या ढगातून त्या ढगात, कधी खाली."

आता मला राहवेना. म्हटलं, "ढगात बर्फ? आपल्याकडे? बाई, पोरांना काहीही सांगता?"

"आजोबा, मागच्या महिन्यात गारांनी तुमच्या चहाची पानं फाडली ना? त्या गारा कुठून आल्या? किसीच्या बाजारातून?"

सगळा वर्ग हसला. न्यामोइताही हसली, आणि तिचं ते हसणं बघून मी पुढचं बोलायचं विसरलो.

नंतर पिठाची रिकामी पिशवी. तीच, मक्याच्या पिठाची कागदी. बाईंनी ती फुगवली, तोंड आवळलं आणि तळहातानं फाडकन फोडली. पोरं किंचाळली. माझ्याही छातीत धस्स झालं, पण माझा चेहरा तसा दाखवत नाही.

"कुणाला लागलं?"

"नाही!"

"वीज चमकते तेव्हा वाटेतली हवा एकदम तापते, फुगते आणि असाच आवाज होतो. गडगडाट म्हणजे तेवढंच. विजेपासून जपायचं, ते कसं ते मी शिकवीन. पण आवाज कुणाला चावत नाही."

मग ज्याला त्याला पिशवी फोडायची. न्यामोइतानं आधी कान दाबले, मग एकच कान दाबला, मग म्हणाली, "मला द्या." तिची पिशवी फुटली तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिनं सिंह मारला होता. आता आमच्या टेकडीवर एक पिशवी शिल्लक नाही. बायका शेजारणीकडे पीठ मागायला जातात आणि पोरं मागोमाग पिशवी मागायला.

शेवटी बाईंनी सगळ्यांना अंगणात नेलं. दरीपलीकडे खाणीत दगड फोडतात ना, तिकडे बोट केलं. "बघा, घण खाली आला. आता ऐका." घण खाली आला, आणि आवाज मागाहून. पुन्हा घण, पुन्हा मागाहून आवाज. न्यामोइता म्हणाली, "आवाज दमलाय का?"

"दमला नाही. उजेड गाडीनं येतो, आवाज बिचारा पायी येतो."

केमुमा, मी जन्मभर त्या खाणीकडे बघत आलोय. मला वाटायचं, टेकडीमागे आणखी एक जण घण मारतोय, तो दिसत नाही. एकदा तर मी विचार केला होता की तो दुसरा माणूस कामाला पहिल्यापेक्षा ढिला आहे. हे मी बाईंना सांगितलं नाही, तूही कुणाला सांगू नकोस.

सुनावायचं राहून गेलं. संधी मिळाली नाही असं समज.

मोसेती

रविवार, १९ ऑक्टोबर

केमुमा,

यंदा पावसानं कहर मांडलाय. रेडिओवाला म्हणतो समुद्र तापलाय. तुझ्याकडेच आहे समुद्र, बघ जरा हात घालून.

रोज दुपारी आमची शाळा घरात भरते. वीज चमकली की सावकाश मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू येईपर्यंत. तीन मोजले की एक किलोमीटर. बाईंनी पोरांना एवढंच शिकवलंय, पण मी तीस वर्षं याच रस्त्यावर बस चालवलेला माणूस, मला प्रत्येक वळणाचं अंतर पाठ. बारा मोजले की मी सांगतो, "दवाखान्याच्या वळणावर होती." पंधरा झाले की, "पुलापलीकडे गेली." न्यामोइता विचारते, "आजोबा, तुम्हाला काय तिचा वाहतूक परवाना दिसतो का?" जीभ बघ पोरीची. तुझ्यावर गेलीय.

पहिले काही दिवस ती पलंगाखालून मोजायची. मग डोकं बाहेर आलं. मग पलंगाच्या कडेवर. आता खोलीच्या मध्यावर स्टूल मांडून बसते, भिंतीपासून आणि दारापासून लांब, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. मीही तिच्यासोबत पलंगाखाली असायचो, एकटं लेकरू कसं ठेवायचं म्हणून. माझी पाठ धरली त्यात. परवा ती म्हणाली, "आजोबा, मी बाहेर आलेसुद्धा. तुम्ही पण या की." मी म्हटलं, "आलो, चप्पल शोधतोय."

शेजारची मोकेइरा म्हातारी रोज टोमणे मारते. "मोसेती, या वयात बालवाडीत जायला लागलास. पुढच्या वर्षी पाळण्यात निजशील." ती स्वतः अजून ढग आले की सगळी पातेली पालथी घालते आणि आरशावर फडकं टाकते. मला वाटलं गेसारे बाई तिला झाडून काढतील. पण बाई तिच्याकडे बसून तिचं आंबट दूध प्यायल्या आणि म्हणाल्या, "पातेली खुशाल पालथी घाला आजी, त्यानं काही बिघडत नाही. फक्त पावसात झाडाखाली उभ्या राहू नका, एवढं माझ्यासाठी करा." म्हातारी त्या दिवसापासून बाईंची भक्त झालीय. पातेली मात्र अजून पालथीच.

आणखी एक गंमत. बाईंनी शिकवलं की विजेला डोळेच नाहीत, तर लाल कुठून बघणार? मोकळ्यावर जे उंच असेल त्यावर ती बहुतेक उतरते. झालं. दुसऱ्या दिवशी ढग गडगडले तशी पोरं हेडमास्तरांच्या पँटला लोंबकळली. "सर, खाली बसा! तुम्ही उंच आहात!" न्यांगाऊ सर म्हणजे ताडमाड माणूस. त्यांना पोरांनी जमिनीवर बसवलं आणि पाऊस थांबेपर्यंत उठू दिलं नाही. घरात उंच-बुटकं एकच, हे बाईंना नंतर वेगळं शिकवावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. हा अख्खा आठवडा न्यामोइता शाळेत गेली. लाल स्वेटर घालून. हे तू दोनदा वाच.

ओगेतो म्हणतो तू याही वेळी काही बोलली नाहीस. बरं.

मोसेती

रविवार, २ नोव्हेंबर

केमुमा,

आज फार लिहीत नाही. हात दुखतोय. इकडे सगळं ठीक. न्यामोइता ठीक. तिला थोडी सर्दी आहे, कालवडही ठीक आहे, कालवडीचं लिहायचं कारण नाही, असंच लिहिलं.

चहाची पानं गोळा करतात त्या शेडच्या रस्त्यावरचं निलगिरीचं मोठं झाड गेलं. झाडं जायचीच. ओगेतो काही सांगायला लागला तर लक्ष देऊ नकोस, त्याला मीठमसाला लावायची सवय आहे.

मोसेती

रविवार, ९ नोव्हेंबर

केमुमा,

ओगेतो परत आला आणि माझ्या नजरेला नजर देईना. म्हणजे त्यानं सांगितलं. मग आता माझ्या तोंडून ऐक. वाचून झाल्यावर तुला जे करायचं ते कर.

चूक माझी. मोजायला शिकवताना बाईंनी एक नियम सांगितला होता: आकडा कितीही मोठा येवो, गडगडाट कानावर आला की घराबाहेर पडायचं नाही, आणि शेवटचा आवाज थांबल्यावरही बराच वेळ आतच राहायचं. पोरांकडून त्या तो रोज म्हणून घेतात. घरी मी तो गाळला. मला अंतरं सांगण्यात मजा येत होती. पुलापलीकडे, घाटापलीकडे, असं म्हणत मी तिच्या डोक्यात भरवलं की लांब आहे म्हणजे आपल्याला काय त्याचं. भीती काढता काढता मी तिची सावधगिरीही काढून टाकली.

३१ तारखेच्या शुक्रवारी मी मागच्या खोलीत गळणाऱ्या पत्र्याखाली बादल्या लावत होतो. तिनं वीस मोजले. "लांब आहे," असं ओरडून सांगितलंसुद्धा, आणि मी आतून म्हटलं, "शाबास!" मग घर गप्प झालं. बाहेर येऊन बघतो तर स्टूल रिकामं. दारातून दिसलं, लाल स्वेटर उतारावरून निलगिरीकडे धावतोय. कालवड तिथं बांधलेली होती, ती भिजतेय म्हणून बाईसाहेब तिला आणायला निघाल्या होत्या.

मी हाक मारली, ती पावसात विरली. मग चमकलं आणि मी मोजायला सुरुवात केली. चारच्या आत आवाज आला. वीस कुठं, आणि चार कुठं. वादळ एकाच जागी थांबत नाही, हे चालकाला सांगावं लागतं का?

आता एक गोष्ट लिहितो, ती तुझ्या आईखेरीज कुणाला माहीत नव्हती. मला विजेची भीती वाटते. लहानपणापासून. पलंगाखाली मी न्यामोइताला सोबत करत नव्हतो, ती मला करत होती. बसवर होतो तेव्हा ढग गडगडले की मी इंजिन तापलं म्हणून गाडी उभी करायचो आणि गवती टपरीत जाऊन बसायचो, कारण लोखंड विजेला बोलावतं अशी माझी पक्की समजूत. प्रवासी आत बसून मला शिव्या घालायचे.

तर तो मी, पायांत चप्पल नाही, चिखलातून त्या उतारावर धावलो. कसा धावलो ते मला आठवत नाही. पोहोचलो तेव्हा तिनं दाव्याची गाठ सोडली होती, कालवड उधळून गेली होती आणि ही झाडाला टेकून रडत होती. मी तिला काखोटीला मारली. घर वर, चढावर. शेड रस्त्याच्या पार टोकाला. मध्ये फक्त चहाचा ट्रक, चिखलात रुतलेला, चालक पळून गेलेला.

मी ट्रकापाशी गेलो आणि थिजलो. लोखंड. दाराच्या कडीला हात लावायचा धीर होईना. मागे वळून परत झाडाकडे जावं असंसुद्धा मनात आलं, पानांचा आडोसा तरी आहे म्हणून. तेव्हा काखेतून तुझी पोर बोलली, हुंदके देत, पण अगदी गेसारे बाईंच्या सुरात: "आजोबा, बंद गाडी चालते! बाईंनी सांगितलंय! वीज वरच्या वर, बाहेरनं जमिनीत जाते. आत बसायचं, काचा वर करायच्या, हात मांडीवर ठेवायचे, कशाला लावायचे नाहीत."

चढलो. काचा वर केल्या. हात मांडीवर ठेवले. थोड्याच वेळात असा उजेड पडला की तिच्या चेहऱ्याशिवाय मला काही दिसेना, आणि मोजायला वेळच मिळाला नाही. आवाज उजेडाबरोबरच आला. निलगिरी वरून खालपर्यंत उभी चिरली होती, साल रस्त्यावर येऊन पडली होती. जिथं ती टेकून उभी होती तिथून धूर निघत होता.

ट्रकाला काही झालं नाही. आम्हाला काही झालं नाही. मी इतका थरथरत होतो की न्यामोइता म्हणाली, "आजोबा, आता मोजू या, म्हणजे बरं वाटेल." आम्ही मोजलं. पाच. मग आठ. मग चौदा. वादळ चालत चालत दरीपलीकडे गेलं. माझा जीव भांड्यात पडला तो पडला, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून रडलो. तिनं माझी पाठ थोपटली, मी तिला थोपटतो तशी.

मग एकाएकी मला हसू फुटलं. तीस वर्षं ज्यांना मी गाडीत सोडून पळालो ते प्रवासी आत सुखरूप होते, आणि मी शहाणा गवताखाली बसलेलो! न्यामोइताला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला उचकी लागली. कालवड नंतर मोकेइराच्या केळीत सापडली.

हे सगळं खरं आहे, एक अक्षर कमी नाही. ती पोर आता विजेला भीत नाही, आणि नियमही पाळते. सोमवारपासून शाळेत जातेच आहे. पण मी तिला मरणाच्या दारात पाठवली होती, हेही खरं. तू तिला घेऊन जाते म्हणालीस तर आता मला तोंड उचकटायला जागा नाही.

तुझा बाप

रविवार, ७ डिसेंबर

केमुमा,

तुझं पत्र नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होतो, पण रोज बसच्या वेळेला थांब्यावर असतो ते ओगेतोला दिसतंच.

तू येशील तेव्हा तिचे कपडे धुऊन, घडी घालून ठेवलेले असतील. तिला अजून काही सांगितलेलं नाही. वसतिगृहात वरच्या पलंगावर झोपवतात का? ती झोपेत लोळते, त्यांना सांग खालचा द्या. चिन्साग्याची पालेभाजी तिला कडू लागते, थोडं दूध घातलं की खाते. दूध नसलं की मक्याची उगाली नुसतीच खाते, हट्ट करत नाही. एवढं लक्षात ठेव.

रस्ते वाहून गेलेत. येताना दिवसाच्या बसनं ये.

मोसेती

रविवार, ४ जानेवारी १९९८

केमुमा, माझ्या पोरी,

तू गेलीस त्याला दोनच दिवस झालेत आणि मी लिहायला बसलोय. तू इथं होतीस तेव्हा आपण पावसावर बोललो, चहाच्या पानांवर बोललो, मोकेइराच्या गुडघ्यावर बोललो. जे बोलायचं ते दोघंही बोललो नाही; तू पोरीला न घेता गेलीस, पण वसतिगृहाचं ठरलंय की नाही, ते मला कळलं नाही. रीत आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण कागद आहे ना.

तू आलीस त्या दिवसाचं लिहितो. मी आणि न्यामोइता थांब्यावरच्या चहाच्या दुकानात होतो, पक्क्या भिंतींच्या. बस घाट चढून आली तेव्हा आभाळ काळं ठिक्कर. ओगेतोनं दार उघडलं आणि त्याच वेळी डोक्यावर कडाडलं. लोक जे सुटले ते थेट त्या मोठ्या झाडाखाली. गाठोडी, कोंबड्या, सगळं घेऊन. न्यामोइता माझा हात झटकून दुकानाच्या दारात उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "झाडाखाली नको! आत या नाहीतर गाडीत जा!" एक माणूस म्हणाला, "कुणाची गं ही कार्टी?" पण दुकानदारीण पण ओरडायला लागली, मग मी, मग ओगेतो. निम्मे दुकानात आले, निम्मे कुरकुरत परत बसमध्ये चढले.

मी त्या गर्दीत तुला शोधत होतो. तू उतरलीच नव्हतीस.

काचेमागे दिसलीस. एका म्हाताऱ्याची बाही धरून त्याला खाली बसवत होतीस. लेकुरवाळी एक बाई उठू बघत होती, तिला मान हलवून नको म्हणालीस. उठून सगळ्या काचा वर ओढल्यास. मग आपल्या जागेवर बसलीस आणि हात मांडीवर ठेवलेस. पुढच्या सीटचा लोखंडी दांडा अगदी तोंडासमोर होता, आणि घाबरलेला माणूस तो आधी पकडतो. तू पकडला नाहीस.

मोंबासात तुला हे कोण सांगणार होतं? माझी पत्रं तू वाचली होतीस, केमुमा. खिशात घातलेली सगळी. मला त्या क्षणी कळलं.

आणि आणखी एक दिसलं. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. तुझं काही बिघडलं का, असं मी सप्टेंबरात ऐटीत लिहिलं होतं. त्याचं उत्तर मला त्या काचेमागे मिळालं. माझ्या पोरी, तूसुद्धा! इतकी वर्षं, आणि मला पत्ता नाही. दारात उभी राहून तू मला जे बोललीस ते न्यामोइताबद्दल नव्हतंच फक्त. मग चमकलं, आणि तुझे ओठ हलायला लागले. न्यामोइता माझ्या कोटाला धरून म्हणाली, "आजोबा, आई मोजतेय." मी नुसती मान हलवली.

आज चर्चबाहेर गेसारे बाई भेटल्या. म्हणाल्या, "अभिनंदन, आजोबा." मी म्हटलं, "कसलं?" तर म्हणाल्या, जायच्या आधी तू शाळेत गेली होतीस आणि न्यामोइताचं पहिलीत नाव घालून आलीस. इथंच. या शाळेत. मी विचारलं, "आणखी काही म्हणाली?" बाई हसल्या. "म्हणाल्या, आमच्या बाबांनाही अधूनमधून वर्गात बसू देत जा, ते नियम गाळतात." पायरीवर टोपी तोंडाशी धरून मी किती वेळ बसलो होतो, देव जाणे. लोकांना वाटलं प्रार्थना चाललीय. तिच्या कपड्यांच्या घड्या घरी येऊन मीच मोडल्या आणि परत खुंटीवर टांगल्या. पोर राहिली, केमुमा. मला किती हलकं वाटतंय ते या कागदावर मावत नाही.

आता एक कर. हे पत्र खिशात ठेव, पण उत्तर लिही. मोठं नको. त्या दिवशी बसमध्ये तुझे किती झाले होते, एवढा आकडा लिहून ओगेतोच्या हाती दे. बाकी काही लिहिलं नाहीस तरी मला चालेल.

तुझा बाप,
मोसेती